किती जण आहात?

माटुंग्याला रुइया नाक्यावरून पाच उद्यानांकडे चालत निघाले की एका गल्लीच्या तोंडाशी पिझ्झाचे एक छोटे दुकान लागते. मी त्याला दुकानच म्हणते, कारण रेस्टॉरंट म्हणावे इतकी ऐसपैस मांडणी तिथे नाही. आत सहा टेबले, त्यांतली दोन भिंतीला चिकटलेली, मागे लोखंडी दाराची भट्टी आणि पुढे संगमरवरी फरशीचा ओटा, ज्यावर पीठ थापले जाते. या ओट्यामागे उभ्या असणाऱ्या काकांनी आलेल्या मुलांना ‘कोणता साइज देऊ?’ असे विचारलेले मी गेल्या पंचवीसेक वर्षांत ऐकलेले नाही. ते विचारतात, “किती जण आहात?” आकडा ऐकला की केवढा पिझ्झा पुरेल ते सांगतात, आणि भट्टीतून निघालेला पिझ्झा तितक्याच तुकड्यांत कापून देतात. पाच जण असले तर पाच तुकडे, सात असले तर सात. दोघेच असले तर मात्र आठ, कारण अर्धा पिझ्झा हातात धरून खाता येत नाही.

२००१ च्या जूनमध्ये मी रुइयात कलाशाखेच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. घर डोंबिवलीला, त्यामुळे रोज जलद गाडीने कुर्ल्यापर्यंत यायचे, तिथे धिमी गाडी पकडायची आणि माटुंग्याला उतरायचे. रुइया १९३७ चे, त्याला लागून असलेले पोदार १९४१ चे, आणि हाकेच्या अंतरावरची व्हीजेटीआय ही अभियांत्रिकीची संस्था तर १९२३ पासून माटुंग्यात आहे. त्यामुळे शिकायला आलेल्या भुकेल्या मुलांची या भागाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. ती भूक इथे मुख्यतः इडली, डोसा आणि फिल्टर कॉफी भागवत आली. पिझ्झा आम्हांला नवा होता. परदेशी साखळ्यांची भारतातली पहिली दुकाने १९९६ साली निघाली, डॉमिनोजचे दिल्लीला आणि पिझ्झा हटचे बंगळुरूला, आणि मुंबईत त्यांचे बस्तान बसल्यावरही तिथले दर आमच्यासारख्यांना परवडणारे नव्हते. डोंबिवलीत आमच्या घरी पिझ्झा होत असे तो तव्यावर. बेकरीतून आणलेल्या तयार बेसवर बाटलीतला सॉस पसरायचा, कांदा आणि सिमला मिरची पेरायची, वर चीज किसायचे आणि झाकण ठेवून गॅस बारीक करायचा. त्याचा तळ खरपूस होई, चीज मात्र घाम आल्यासारखे चकाकत राही आणि वितळायचे नाव घेत नसे. तरीही तो आम्ही फार आवडीने खात असू, आणि आजही कुणी केला तर मी नको म्हणणार नाही.

काकांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही पाच जण होतो, रुइयातल्या तिघी आणि पोदारचे दोघे. भिंतीवरच्या फळ्यावर तीनच आकार लिहिलेले होते: सात इंची ४५ रुपये, दहा इंची ८० रुपये, बारा इंची ११० रुपये. आम्ही हिशेब करून दोन सात इंची मागवायच्या विचारात होतो, कारण दोन म्हणजे जास्त, असे कुणालाही वाटते. काकांनी “किती जण?” विचारले आणि उत्तर ऐकून म्हणाले, “मग एक दहाचा घ्या. दोन सातांपेक्षा कणभर जास्तच भरतो, आणि दहा रुपये वाचतात.” आम्हांला ते पटले नाही. पोदारच्या एकाने वहीच्या मागच्या पानावर त्रिज्यांचे वर्ग केले, तेव्हा सात इंची पिझ्झाचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच निघाले, म्हणजे दोघांचे मिळून सत्त्याहत्तर, आणि एकट्या दहा इंचीचे साडेअठ्ठ्याहत्तर. जो दुकानदार स्वतःचे दहा रुपये सोडून गिऱ्हाइकाला हे सांगतो त्याच्याकडे पुन्हा जावेसे वाटते. आम्ही पुढची तीन वर्षे जात राहिलो. ऐंशी भागिले पाच, माणशी सोळा रुपये.

सम संख्येचे तुकडे करणे सोपे असते. गोल चाकाचे कटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ फिरवले की एका फटक्यात दोन छेद होतात. विषम संख्येला हे चालत नाही. तिथे प्रत्येक छेद मध्यापासून कडेपर्यंतच जायला हवा, समोरच्या बाजूला ओलांडून गेला की चुकला. यासाठी काकांकडे एक लांब, रुंद पात्याची सुरी आहे. तिचे टोक पिझ्झाच्या मध्यावर टेकवून ते मूठ खाली दाबतात. पाच तुकडे करायचे असले की पहिला छेद स्वतःच्या दिशेने, मग त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे काटकोनापेक्षा थोडे आत एकेक, आणि पलीकडे जो मोठा भाग उरतो त्याचे तीन. सातांना ते क्षणभर थांबतात. सात समान भाग हे अवघड काम आहे आणि त्याला गणिताची साक्ष आहे. गाउस या जर्मन गणितज्ञाने १७९६ साली, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी, नुसत्या पट्टी आणि कंपासने वर्तुळाचे सतरा समान भाग करता येतात हे दाखवले. पण त्याच साधनांनी सात भाग मात्र करता येत नाहीत, आणि त्याची पक्की सिद्धता १८३७ साली मिळाली. काकांच्या हातात पट्टीही नसते आणि कंपासही नसतो. ते नजरेने कापतात आणि सातांपैकी कुणाचीही तक्रार येत नाही.

सातांची वेळ बहुतेक तालमींच्या दिवसांत येई. आयएनटी किंवा सवाई या स्पर्धांसाठी एकांकिका बसवणारी मुले रात्री नऊच्या सुमाराला, घसा बसलेला आणि पाय दुखत असलेले, अशी दहा-बारांच्या घोळक्याने दुकानात शिरत. खिसे सगळ्यांचे सारखेच रिकामे. बारा जण आहेत असे कळले की काका एक बारा इंची आणि एक दहा इंची करत. बाराचे सात तुकडे आणि दहाचे पाच. पुढे एकदा मी हे गणित करून पाहिले. पहिल्यातला तुकडा सोळा चौरस इंचांच्या किंचित वर भरतो आणि दुसऱ्यातला किंचित खाली. अंधारात कुणी उचलला तरी कोणता तुकडा कशातला हे ओळखू येऊ नये, इतका तो फरक कमी आहे. काका शाळेत कितवीपर्यंत होते हे मी कधी विचारले नाही. हे त्यांना कसे सुचले असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “लादी पाव कापून कापून.”

ते मूळचे बेकरीचे माणूस. लालबागच्या एका बेकरीत मिसरूड फुटण्याच्या आधीपासून पीठ मळायला होते, पुढे पाव, खारी, टोस्ट, नानकटाई असे सगळे शिकले. नव्वदच्या दशकात त्या बेकरीकडे चपट्या गोल पावांची, म्हणजे पिझ्झा बेसची, मागणी येऊ लागली, आणि जो पाव आपण भाजून देतो त्याच्यावर पुढे काय होते हे पाहण्याच्या कुतूहलातून त्यांनी हा धंदा धरला. म्हणून त्यांच्या दुकानातली खरी गोष्ट पीठ आहे, असे माझे मत आहे. वरचे टोमॅटो, मका, सिमला मिरची हे सगळे बदलत राहते, पण पिठाच्या बाबतीत त्यांनी कधी तडजोड केलेली मी पाहिली नाही. मुंबईची हवा खमिराला फार मानवते, आणि तीच अडचण आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पीठ तासाभरातच दुप्पट फुगते. इतके घाईने फुगले की त्याला चव धरायला वेळ मिळत नाही आणि ते आंबूस, ढिले होते. म्हणून उन्हाळ्यात ते बर्फाच्या पाण्याने पीठ मळतात आणि यीस्ट चिमटीने कमी करतात. पावसाळ्यात मैदाच दमट असतो, तेव्हा पाणी हात राखून घालतात. जानेवारीत सकाळची हवा जरा गार असली की कोमट पाणी. पीठ तयार झाले का हे पाहायला ते गोळ्यात बोट रुतवतात. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे, अजिबात भरला नाही तर उशीर झाला, आणि सावकाश, आळस दिल्यासारखा वर आला तर हीच वेळ. आम्ही घाई केली की ते म्हणत, “बसा जरा, पीठ अजून उठलं नाही.”

चीज ते दोन प्रकारचे मिसळतात. मोझरेलाला तार सुटते, कारण त्यातल्या प्रथिनांचे धागे कॅल्शियमने एकमेकांना धरलेले असतात आणि उष्णतेने ते तुटण्याऐवजी सैल होऊन लांबतात. डब्यातल्या प्रोसेस्ड चीजमध्ये वितळणे एकसारखे व्हावे म्हणून खास क्षार घातलेले असतात, ते या कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेतात, म्हणून त्याला तार सुटत नाही, पण आपल्या लहानपणच्या सँडविचची खारट चव मात्र त्याच्यातच असते. सॉस काकूंच्या हातचा. त्यात ओरेगानोच्या जोडीला खिडकीतल्या कुंडीतला पानओवा चिरून घातलेला असे. हे मला फार वर्षांनी कळले, आणि पुढे हेही कळले की दोन्हींच्या वासातला मुख्य घटक एकच आहे. भूमध्य समुद्राकाठचा एक पाला आणि आपल्या आजीच्या खोकल्याच्या काढ्यातला पाला त्या पातेल्यात शेजारी शेजारी रटरटत होते.

या दुकानात जे घडत आले ते पिझ्झामुळेच घडू शकले असते, असे मला फार दिवस वाटत आले आहे. वडापाव हा या शहराचा प्राण आहे आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, पण तो उभ्याने खायचा, एकट्याचा पदार्थ आहे; माणूस दादरच्या पुलाखाली तो तीन मिनिटांत संपवून गाडी पकडू शकतो. पिझ्झा थांबायला लावतो. तो भाजून निघेपर्यंत दहा-बारा मिनिटे बसावे लागते, तो एकाच ताटात सगळ्यांच्या मधोमध येतो, आणि सगळ्यांचे हात एकाच ताटाकडे जातात. खुद्द त्याच्या माहेरी हे असे नाही. इटलीतल्या नेपल्समध्ये पिझ्झा माणशी एक असतो, लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सिअसला साठ ते नव्वद सेकंदांत भाजला जातो, न कापता बशीत येतो आणि काटा-सुरीने खाल्ला जातो. ती कला इतकी नेमकी आहे की २०१७ साली युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. काकांची भट्टी जेमतेम तीनशे अंशांपर्यंत जाते, त्यामुळे त्यांचा पिझ्झा नेपल्सच्या माणसाला कदाचित पिझ्झा वाटणारही नाही. तो कडेला कुरकुरीत, खाली बिस्किटासारखा खमंग होतो. पण तो वाटून खाण्याचा आहे, आणि कापण्याची कला त्याच्यासोबत इथे आली ती या वाटण्यापोटी.

दुसऱ्या वर्षी आमच्यात एक सहावा आला. आमच्यातल्या एका मैत्रिणीचा तो सोलापूरचा, शाळेतला वर्गमित्र. व्हीजेटीआयला अभियांत्रिकी शिकत होता आणि तिथल्याच वसतिगृहात राहत होता. अतिशय कमी बोलणारा, आणि बोललाच तर आकड्यांविषयी बोलणारा. २००२ च्या पावसाळ्यात त्याचे वडील ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडला. हे त्याने आम्हांला सांगितले नव्हते, मैत्रिणीला तिच्या घरून कळले होते. त्याने फक्त खाणे बंद केले. आमच्यासोबत दुकानात येई, टेबलाशी बसे, गप्पा ऐके, पण “मी जेवून आलोय” म्हणून पाण्याचा पेला तेवढा हातात धरून बसे. पहिल्या दिवशी आम्ही आग्रह केला. दुसऱ्या दिवशीही केला. आग्रहाचा त्याला त्रास होतो हे त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागले तेव्हा आम्ही थांबलो, आणि थांबल्यावर आम्हांलाच घास गिळवेना.

तिसऱ्या दिवशी काकांनी ओट्यामागून विचारले, “किती जण आहात?”

आमच्यातली एक म्हणाली, “पाच.”

काकांनी टेबलाकडे पाहिले आणि म्हणाले, “खुर्च्या सहा दिसतात.”

पिझ्झा आला तो सहा तुकड्यांचा. त्यांनी ताट मधोमध ठेवले आणि ते दुसऱ्या टेबलाकडे गेले. कुणी काही बोलले नाही. आम्ही पाच जणांनी एकेक तुकडा उचलला, आणि ताटात एक उरला, जो आमच्यापैकी कुणाचाही नव्हता. त्याने तो काही वेळ पाहिला आणि उचलला.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. आठ तुकड्यांचा पिझ्झा पाच जणांत आला की तीन तुकडे उरतात, आणि मग ‘घे ना’, ‘नको, तूच घे’ असे सुरू होते. देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरून जाते. सहा जणांत सहा तुकडे आले की कुणी कुणाला काही देत नाही. प्रत्येकाचे त्याच्या समोर असते. त्यासाठी आमच्या प्रत्येकाच्या वाट्याचे अडीच चौरस इंचांहून थोडे अधिक कमी झाले, तेवढ्याने कुणाचे पोट रिकामे राहिले नाही. पैशांचेही तसेच झाले. तेव्हा कॉन्ट्री निघे ती नाण्यांत आणि चुरगळलेल्या नोटांत. सगळे पैसे स्टीलच्या पेल्याखाली ढीग करून ठेवायचे, काका येऊन तो ढीग उचलून नेत. त्यात सोळा कुणाचे, वीस कुणाचे आणि दोनच रुपये कुणाचे, हे त्या ढिगाकडे पाहून सांगता येत नसे. तोही काहीतरी ठेवत असे. किती, ते आम्हांला कधी कळले नाही.

पुढच्या आठवड्यात तो एक कागद घेऊन आला. त्यावर त्याने वर्तुळ काढले होते, आणि आत, मध्यापासून बरेच बाजूला, एक बिंदू. या बिंदूतून समान कोनांनी चार रेषा काढल्या की वर्तुळाचे आठ तुकडे होतात. बिंदू बाजूला असल्यामुळे काही मोठे, काही अगदी चिंचोळे. “आता दोघांनी एक सोडून एक तुकडा घ्यायचा,” तो म्हणाला. “दोघांचं क्षेत्रफळ अगदी सारखं भरतं. बिंदू कुठंही असो.” कुणाचाच विश्वास बसला नाही. हा प्रश्न १९६७ साली एका अमेरिकी गणितविषयक नियतकालिकात विचारला गेला होता, पुढच्या वर्षी त्याचे उत्तर छापून आले, आणि पुढे त्याला पिझ्झा प्रमेय असेच नाव पडले. त्याने आम्हांला ते चिंचोळे तुकडे कात्रीने कापून एकमेकांवर रचून दाखवण्याचा प्रयत्न केला. मी विचारले, कडेचे काय, जिला काही चव नसते ती कड कुणाच्या वाट्याला जास्त आली तर? तो पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. म्हणाला, कडही सारखीच वाटली जाते. मोठ्या वर्तुळातून कडेच्या आतले लहान वर्तुळ वजा कर, छेदाचा बिंदू जर त्या लहान वर्तुळातही असेल तर प्रमेय दोघांनाही लागू आहे, मग उरलेल्या कड्यालाही लागू आहे. हे मला समजले, आणि गणितातले काहीतरी समजल्याचा मला झालेला तो माझ्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा आनंद होता. आम्हांला हे खऱ्या पिझ्झावर करून पाहायचे होते. पण काकांचा छेद कधी मध्यावरून हलतच नसे, त्यामुळे ते तसेच राहून गेले.

सहा टेबलांवर मुले तासन्‌तास बसू देणे कोणत्याही दुकानाला कसे परवडते, हा प्रश्न मला नोकरीला लागल्यावर पडला. काकांचा स्वभाव हे त्याचे एक कारण आहे, पण तेवढेच कारण सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. ती जागा पागडीची आहे. भाडे नियंत्रण कायद्याखाली येणाऱ्या जुन्या इमारतींत भाडे फार कमी राहते. तीच जागा आज लीव्ह अँड लायसन्सवर घ्यायची म्हटली तर दर टेबलावर दर अर्ध्या तासाला नवे गिऱ्हाईक बसवावे लागेल आणि पीठ उठेपर्यंत कुणाला बसवून ठेवता येणार नाही. बाकी मे महिन्यात दुकान ओस असते, दिवाळीच्या सुट्टीत अर्धे रिकामे असते, आणि परीक्षेच्या काळात मुले येतात ती एका थंड पेयावर दुपारभर वाचत बसायला. जैन मुलांसाठी वेगळी सुरी, वेगळा पाट आणि कांदा-लसणाशिवायचा सॉस वेगळा करावा लागतो. चीजचा भाव सतत चढता असतो. ती इमारत आता पुनर्विकासात जाईल असे अधूनमधून कानावर येते. तसे झाले तर काकांना नव्या इमारतीत जागा मिळेल, पण भट्टी, सहा टेबले आणि वेळ यांचे जे गणित आज जमते ते पुन्हा जमेल का, याची मला मनापासून काळजी वाटते. या शहरात मुलांना बसायला जागा कमी आहेत. पाच उद्यानांतली बाके आहेत, नाका आहे. पण पावसात काय?

२०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. महाविद्यालये पुन्हा प्रत्यक्ष उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडले, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ या दुकानाचे गिऱ्हाईकच माटुंग्यात नव्हते. काकांनी त्या काळात भट्टीत पाव आणि खारी भाजून आसपासच्या इमारतींत दिली, आणि मुलाने फोनवरून पार्सल सुरू केले. खोक्यातला पिझ्झा कुठे जातो, कोण खातो हे दिसत नाही, म्हणून मुलगा सरसकट आठ तुकडे करून पाठवू लागला. काकांना ते सोसवेना. दोन दिवसांनी त्यांनी फोन स्वतःकडे घेतला आणि प्रत्येकाला विचारू लागले, “घरात किती जण आहात?” मला हे त्यांनी नंतर सांगितले तेव्हा त्यांचा आवाज वेगळा झाला होता. लोक उत्तर देताना पुढे आणखीही सांगत. चौघे आहोत, पण एक जण आतल्या खोलीत वेगळा आहे, त्याचा तुकडा वेगळ्या डबीत द्या. परवापर्यंत तीन होतो. एकटाच आहे. त्या दिवसांत त्या दोन-तीन गल्ल्यांत कोण एकटे आहे हे या एका प्रश्नामुळे त्यांना माहीत झाले होते, आणि त्या घरांची खारी काकू निराळी बांधून ठेवत असत.

आता पैसे ढिगाने पडत नाहीत. ओट्यावर क्यूआर कोड आहे, एक जण पैसे भरतो आणि टेबलावरून उठायच्या आत प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या वाट्याची मागणी जाते, कधी कधी पैशांच्या अपूर्णांकांसह. यात सोय आहे हे मला मान्य आहे. बिल भरताना सुट्ट्यांवरून होणारे वाद मीही पाहिले आहेत. तरी प्रत्येक रुपयावर आता नाव असते, आणि कुणी दोनच रुपये ठेवले तर ते कायमचे नोंदलेले राहतात, ही गोष्ट मला खुपते. मुले मात्र यातूनही वाट काढतात. मागे माझ्या शेजारच्या टेबलावर सात जण होते, पैसे एका मुलीने भरले, आणि कुणीतरी फोन काढून “माझे किती?” विचारल्यावर ती म्हणाली, “मी सहा जणांत स्प्लिट केलंय, झालं ते.” सातवा कोण, हे तिने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. मी मान खाली घालून माझा चहा पीत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

गेल्या जानेवारीत आमचा तो सहावा मित्र कामासाठी मुंबईत आला. तो आता पुण्याला असतो, केस पांढरे झाले आहेत, बोलतो अजूनही कमीच. आम्ही दोघे शनिवारी दुपारी दुकानात गेलो. ओट्यामागे काकांचा मुलगा होता, पण आम्हांला पाहून काका आतून उठून आले. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, डाव्याची व्हायची आहे. आम्ही समोर उभे असताना त्यांनी विचारले, “किती जण आहात?” मित्र म्हणाला, “दोघं.” मुलगा कटर घ्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानेच बाजूला केले.

चार फटक्यांत आठ तुकडे झाले. मनगट तेच होते, चारही छेद एकमेकांशी अगदी नेमक्या कोनांत आणि एकाच ठिकाणी मिळालेले. फक्त ते ठिकाण मध्यावर नव्हते. दोन बोटे उजवीकडे सरकले होते. एका बाजूला रुंद तुकडे झाले होते, दुसऱ्या बाजूला चिंचोळे. काकांनी ताट आमच्या टेबलावर ठेवले, डोळे बारीक करून पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. “सरकलं,” ते म्हणाले. “थांबा, दुसरा लावतो.” ते ताट उचलायला वाकले, तर मित्राने त्यावर आडवा हात धरला.

“राहू द्या काका. बरोबर झालंय.”

त्याने सर्वांत मोठा तुकडा उचलून माझ्या बशीत ठेवला. त्याच्या शेजारचा स्वतःच्या. मग पुढचा माझ्या, त्याच्या पुढचा स्वतःच्या, असे करत ताटाभोवती हात फिरवून त्याने आठही तुकडे संपवले. माझ्या बशीत चार, त्याच्या बशीत चार, सगळे निरनिराळ्या आकारांचे. काका दोन्ही बशांकडे आळीपाळीने पाहत होते. “हे सारखं कसं?” त्यांनी विचारले, आणि खुर्ची ओढून आमच्या शेजारी बसले. मित्राने खिशातून पेन काढले आणि बिलाचा कागद उलटा केला.